कागदावरचा ऑपेरा

ज्या नाट्यप्रकाराचा प्राणच गाणे आहे तो छापील कागदावर, म्हणजे एकही सूर उमटू शकत नाही अशा जागी, उतरवण्याचा उद्योग वरकरणी अव्यापारेषु व्यापार वाटतो. तरीही गेल्या चार-पाच दशकांत अमेरिका, फ्रान्स आणि जपान येथील नामांकित चित्रकारांनी मोझार्ट, वाग्नर, देब्युसी यांचे ऑपेरा चित्रकादंबरीच्या, म्हणजे सलग चित्रचौकटींतून सांगितलेल्या दीर्घ कथेच्या, रूपात आणले असून त्यांतील काही कृतींना त्या माध्यमात मानाचे स्थान मिळालेले आहे. अशा पुस्तकांत गाण्याची उणीव भासते का, या प्रश्नात फारसे हशील नाही, कारण ती भासणारच. ऑपेऱ्यात संगीत नेमकी कोणकोणती कामे करत असते, त्यांपैकी कोणती रेघेच्या, रंगाच्या आणि चौकटींच्या मांडणीच्या गळ्यात घालता येतात आणि कोणती मुळीच घालता येत नाहीत, या अंगाने पाहू गेल्यास मात्र दोन्ही माध्यमांविषयी बरेच काही हाती लागते.

ऑपेरा हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला नाट्यप्रकार असून त्यात पात्रे आपले संवाद बहुतांशी गाऊन म्हणतात आणि मंचापुढील खड्ड्यात बसलेला वाद्यवृंद त्यांना अखंड साथ करतो. त्याच्या संहितेला लिब्रेटो म्हणतात आणि एकट्या पात्राने थांबून, मनातील भावना विस्ताराने गायलेल्या पदाला आरिया म्हणतात. मुंबईकरांना ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव बसथांब्यामुळे परिचयाचे असते. ज्या इमारतीवरून ते पडले ते रॉयल ऑपेरा हाऊस 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडले गेले आणि दीर्घकाळ बंद राहिल्यावर 2016 मध्ये पुन्हा सुरू झाले. मराठी वाचकाला मात्र ऑपेऱ्याची खरी कल्पना त्या वास्तूपेक्षा संगीत नाटकावरून अधिक चांगली येते, आणि त्यातही जर्मन भाषेतील ‘झिंगश्पील’ हा प्रकार, ज्यात मधले संवाद गद्यात बोलले जातात आणि भावना उचंबळली की पात्र गाऊ लागते, तो संगीत नाटकाच्या फारच जवळचा आहे.

या साम्यामुळे रूपांतरकारापुढची पहिली अडचणही चटकन ध्यानात येते. ‘संगीत सौभद्र’ची छापील प्रत उघडून वाचावयास बसणाऱ्याला पदांच्या चार-सहा ओळी डोळ्यांखालून घालण्यास काही क्षण पुरतात, पण रंगभूमीवर तेच पद आलापतानांनी आणि ‘वन्स मोअर’च्या पुकाऱ्यांनी किती लांबेल याचा नेम नसे. ऑपेऱ्याची संहिताही अशीच किरकोळ अंगकाठीची असते, कारण तिच्यातील वेळ शब्द खात नाहीत, सूर खातात. एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते, एखाद्या स्वरावर गायिका दीर्घ काळ रेंगाळते, आणि नायक मरणाच्या दारात उभा असतानाही दहा मिनिटे गात राहतो, याचे प्रेक्षकाला वैषम्य वाटत नाही. गाण्याने घड्याळ थांबलेले असते. तेच शब्द संवादफुग्यात, म्हणजे पात्राच्या तोंडाशी काढलेल्या वर्तुळात, घातले की पाच सेकंदांत वाचून संपतात, आणि पुनरावृत्ती जशीच्या तशी ठेवली तर पात्र चळल्यासारखे वाटू लागते.

चित्रकथेत वेळ मोजण्याची रीतच निराळी आहे. तिथे काळ हा जागेच्या रूपात पसरलेला असतो. रुंद चौकट डोळ्यांना रेंगाळायला लावते, लहान लहान चौकटींची रांग गती वाढवते, आणि दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत जे घडते ते वाचक स्वतःच्या मनाने भरून काढतो. अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड याने 1993 च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात या कोऱ्या पट्टीलाच चित्रकथेच्या सगळ्या जादूचे मूळ मानले आहे. ऑपेऱ्याचा संगीतकार प्रेक्षकाला आपल्या तालाने चालवतो, तर चित्रकथेचा वाचक पान केव्हा उलटायचे हे स्वतः ठरवतो आणि वाटल्यास मागेही जातो. म्हणून तालाची सक्ती गमावलेल्या रूपांतरकाराला वाचकाची पावले केवळ मांडणीच्या जोरावर मंद वा जलद करावी लागतात, आणि कसब दिसते ते इथेच.

हे कसब ज्याने आयुष्यभर घोटले तो चित्रकार म्हणजे पी. क्रेग रसेल. 1951 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात जन्मलेल्या रसेलने सिनसिनाटी विद्यापीठात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि सत्तरच्या दशकात मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या ‘किलरेव्हन’ या विज्ञानकथामालिकेने नाव कमावले. मासिक हप्त्यांच्या धबडग्यात रमण्याचा त्याचा पिंड नव्हता. 1978 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी विल आयस्नर याच्या ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ या पुस्तकामुळे ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा लोकांच्या तोंडी बसू लागली त्याच वर्षी, रसेलने वाग्नरच्या ‘पार्सिफाल’वर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याची संहिता पॅट्रिक मेसन याने सिद्ध केली होती. पुढे देब्युसीचा ‘पेलेआस आणि मेलिसांद’, ड्यूकाचा ‘आरियान आणि ब्लूबिअर्ड’, ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरची ‘सालोमे’, मोझार्टची ‘मायावी बासरी’, लेओनकाव्हालोचा ‘पाल्याची’, मास्कान्यीची ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ अशी एकामागून एक रूपांतरे आली. या सगळ्यांवर कळस चढला तो वाग्नरच्या ‘नीबेलुंगची अंगठी’ या चार ऑपेऱ्यांच्या मालिकेने, जी रसेलने 2000 आणि 2001 मध्ये चौदा अंकांत प्रसिद्ध केली आणि जिला 2001 चे दोन आयस्नर पुरस्कार मिळाले. एरवी हा चित्रकार नील गेमनच्या ‘सँडमन’ मालिकेतील बगदादच्या कथेमुळे आणि ‘कोरलाइन’च्या चित्ररूपामुळे अधिक ओळखला जातो, पण त्याच्या कामाचा कणा ऑपेराच आहे.

‘मायावी बासरी’ हा ऑपेरा 30 सप्टेंबर 1791 रोजी व्हिएन्नाच्या एका उपनगरी नाट्यगृहात रंगमंचावर आला आणि त्यानंतर अवघ्या नऊ-दहा आठवड्यांत मोझार्टचे निधन झाले. संहिता एमानुएल शिकानेडर या नटव्यवस्थापकाची, आणि पापागेनो या पाखरे पकडणाऱ्या विनोदी पात्राची भूमिकाही त्याचीच. हा झिंगश्पील असल्याने त्यात गद्य संवाद भरपूर आहेत, अद्भुत प्रसंगांची रेलचेल आहे, आणि म्हणून चित्रकथेला तो सहज मानवतो. पापागेनोने सर्प आपण मारल्याची थाप ठोकल्यावर तीन स्त्रिया त्याच्या तोंडाला कुलूप ठोकतात आणि तो पुढच्या गाण्यात बंद ओठांनी केवळ हुंकार देत राहतो. हा विनोद कागदावर रतीभरही कमी होत नाही, उलट कुलूप लावलेल्या तोंडाशी काढलेला हुंकारांचा फुगा डोळ्यांनाच हसवतो. बासरीच्या सुरांनी रानातली जनावरे भोवती गोळा होतात तो प्रसंगही तसाच, कारण सूर ऐकू आला नाही तरी त्याचा परिणाम दिसतो, आणि परिणाम दाखवणे हे चित्राचे हातखंडा काम आहे.

पंचाईत होते ती रात्रीच्या राणीपाशी. दुसऱ्या अंकात ती मुलीच्या हाती खंजीर देते आणि सारास्त्रो या धर्मगुरूचा वध करण्याची आज्ञा सोडते. मोझार्टने तिच्या संतापाची परिसीमा दाखवण्यासाठी शब्द सोडून दिले असून नुसत्या स्वरावर तुटक, टोकदार तानांची अशी माळ रचली आहे की गायिकेला अतितारसप्तकाच्या पलीकडे, मानवी गळ्याच्या जवळजवळ शेवटच्या पायरीवर चढावे लागते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो राणीच्या क्रोधामुळे, आणि तितकाच, समोरची जिवंत बाई त्या शेवटच्या स्वराला पोहोचेल की घसरेल या धाकधुकीमुळे. ही जोखीम कागदावर आणता येत नाही. चित्रकार राणीचा अंगरखा पानभर फुलवील, ताऱ्यांचे लोट उसळवील, फुग्याच्या कडा दातेरी करील, पण काढलेली राणी कधीच बेसूर होऊ शकत नाही, आणि जिथे अपयशाची शक्यताच नाही तिथे यशाचा थरारही नाही. ऑपेऱ्यातील शुद्ध गायनपराक्रमाचे प्रसंग चित्रकादंबरीत फिके पडतात, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

वाग्नरचे प्रकरण वेगळे आहे, कारण गायनपराक्रमासाठी थांबणे हे त्यालाच मान्य नव्हते. काव्य, संगीत, अभिनय आणि दृश्य यांचा एकजीव झालेला ‘समग्र कलाविष्कार’ हे त्याचे स्वप्न होते. त्यासाठी त्याने बव्हेरियातील बायरॉइट या गावी स्वतःचे नाट्यगृह बांधवून घेतले, वाद्यवृंद प्रेक्षकांना दिसू नये म्हणून खड्ड्यावर झाकण घातले, आणि ऑगस्ट 1876 मध्ये तिथे ‘अंगठी’चे चारही भाग सलग सादर केले. 1848 पासून 1874 पर्यंत रेंगाळत पुऱ्या झालेल्या या मालिकेला सुमारे पंधरा तास लागतात. कथा थोडक्यात अशी: आल्बेरिख हा नीबेलुंग वंशाचा बुटका प्रेमाचा त्याग करून ऱ्हाइन नदीतील सोने चोरतो आणि त्याची जगावर सत्ता देणारी अंगठी घडवतो, देवांचा राजा वोटान ती त्याच्याकडून कपटाने हिसकावतो, आल्बेरिख तिला शाप देतो, आणि त्या शापाच्या फेऱ्यात राक्षस, वीर, वोटानची लाडकी कन्या ब्रुनहिल्ड, अखेर खुद्द देवलोक सापडून भस्म होतो.

इतके सारे रंगमंचावर दाखवताना वाग्नरची कशी तारांबळ उडाली याच्या कथा प्रसिद्ध आहेत. नदीत पोहणाऱ्या ऱ्हाइनकन्यांना चाकांच्या उंच गाड्यांवर बांधून पडद्यामागून ढकलत फिरवावे लागले. लंडनहून मागवलेल्या अजगररूपी राक्षसाची मान वेळेवर पोहोचलीच नाही, आणि ती बायरॉइटऐवजी चुकून बैरूतला गेली अशी आख्यायिका आहे. चित्रकथेला असले जंजाळ नाही; शाईच्या एकाच दौतीतून नदी, इंद्रधनुष्याचा पूल आणि आग ओकणारा अजगर निघतो. रूपांतराचे समर्थक बहुधा हाच मुद्दा पुढे करतात, पण तो दुय्यम म्हणावा लागेल, कारण अजगर काढणे कोणत्याही बऱ्या चित्रकाराला जमते आणि चित्रपटाला तर त्याहून सहज जमते. ‘अंगठी’ चित्रकथेला मानवण्याचे खरे कारण तिच्या संगीताच्या घडणीत आहे.

ते कारण म्हणजे लाइटमोटिफ, अर्थात सूचक धून. एखादे पात्र, वस्तू वा कल्पना यांच्याशी वाग्नर एक छोटीशी स्वरावली जोडतो, आणि पुढे ती स्वरावली वाद्यवृंदात उमटली की रंगमंचावर ती वस्तू नसली, कोणी तिचे नाव काढलेले नसले, तरी प्रेक्षकाला तिची आठवण होते. भाला, अंगठी, वालहाल्ला हा देवांचा महाल, अग्नी, शाप, प्रत्येकाची धून आहे, आणि प्रसंगानुरूप त्यांच्यात फेरबदल होत त्या एकमेकींतून उगवतात. संगीत इथे निवेदक झालेले असते. पात्राला ठाऊक नसलेले ते प्रेक्षकाला सांगते, पुढचे सुचवते, आणि मागच्याची आठवण देते. चित्रकथेलाही हेच सहज करता येते, कारण एक आकार, एक रंग किंवा चौकटींची एक विशिष्ट रचना शंभर पानांनंतर पुन्हा आली तर वाचकाचा डोळा ती ओळखतो. रसेलने आपल्या ‘अंगठी’त सूचक धुनींची दृश्य प्रतिरूपे शोधण्यावर जाणीवपूर्वक भर दिला आणि आपली ही भूमिका त्याने वेळोवेळी मांडलीही आहे.

पहिल्या भागाच्या, म्हणजे ‘ऱ्हाइनचे सोने’ याच्या, शेवटावरून ही अडचण आणि तिची उकल दोन्ही जवळून पाहता येतात. राक्षसांना अंगठी देऊन मोकळा झालेला वोटान वालहाल्लाकडे निघाला आहे, पण आल्बेरिखच्या शापाने त्याच्या मनात घर केले आहे. एवढ्यात, वाग्नरच्या रंगसूचनेनुसार, त्याला एक महान कल्पना सुचते. कोणती, ते तो बोलत नाही. त्या क्षणी तुतारीवर एक सरळ, चढती, लखलखीत धून वाजते, जी प्रेक्षकाने अद्याप एकदाही ऐकलेली नाही. ती तलवारीची धून आहे हे दुसऱ्या दिवशी, ‘वाल्क्यूर’ या भागात, हुंडिंग या योद्ध्याच्या घरातील वृक्षात मुठीपर्यंत रुतलेली तलवार चमकते तेव्हाच उमगते. म्हणजे संगीताने इथे अशा वस्तूचे सूतोवाच केले जी अजून अस्तित्वातही नाही. हे कोड्यात टाकणारे आहे याची खुद्द वाग्नरलाही जाणीव असावी, कारण 1876 च्या प्रयोगात त्याने वोटानला खजिन्यातून मागे राहिलेली एक तलवार प्रत्यक्ष उचलायला लावली, आणि त्या उपायाने गूढ पार पातळ झाले.

चित्रकथाकारापुढे इथे तीन वाटा असतात. वोटानच्या डोक्यावर विचारफुगा काढून त्यात तलवार दाखवली तर काम उरकते, पण 1876 चीच चूक होते. नुसता वोटानचा चेहरा दाखवला तर संगीताने दिलेली खूण हरवते. तिसरी वाट अशी की संवाद पूर्ण थांबवून काही चौकटींची मुकी मालिका योजायची, जिच्यात वोटानच्या एकुलत्या डोळ्यातील तेजापासून सुरू झालेली एक उभी, धारदार प्रकाशरेघ कशाची आहे ते न सांगता वाचकाच्या स्मरणात पेरली जाते, आणि पुढच्या भागात हुंडिंगच्या अंधाऱ्या घरात निखाऱ्यांचा उजेड वृक्षावर पडल्यावर नेमकी तीच रेघ, त्याच जाडीची, चौकटीत त्याच जागी पुन्हा येते. तुतारीचे काम रेघेने केले असे म्हणता येईल ते तेव्हा. या वाटेत एक लाभ ऑपेऱ्याहूनही अधिक आहे, कारण शंका आलेला वाचक मागची पाने चाळून ताडून पाहू शकतो, तर नाट्यगृहात बसलेल्याला काल ऐकलेल्या धुनीची आठवण असेल तरच तिचा उपयोग.

संगीताचे द्व्यर्थी बोलणे मात्र रेघेला इतके सोपे जात नाही. ऱ्हाइनकन्या प्रथम ज्या खिन्न धुनीत सांगतात की प्रेमाचा त्याग करणारालाच अंगठी घडवता येईल, तीच धून सीगमुंड हा वीर प्रेमाच्या भरात वृक्षातून तलवार उपसतो त्या वेळी का यावी, यावर वाग्नरचे अभ्यासक आजही वाद घालतात. ऐकताना हा विरोधाभास पोटात ढवळतो आणि निसटून जातो. तो चित्रात आणायचा, म्हणजे सोन्यावर झडप घालणारा आल्बेरिखचा हात आणि मुठीला भिडणारा सीगमुंडचा हात एकाच ढंगाने काढायचा, तर साम्य इतके ठळक होते की चित्रकाराने आपला निकालच देऊन टाकल्यासारखे वाटते. संगीत कुजबुजते तिथे चित्र बोट दाखवते.

याच्या उलट, एका प्रसंगात चित्रकथा ऑपेऱ्यावर सरळ मात करू शकते. ‘सीगफ्रीड’ या तिसऱ्या भागात नायक फाफ्नर या अजगराला मारतो, त्याच्या रक्ताचा थेंब जिभेला लागतो, आणि त्याला पाखरांची भाषा कळू लागते. आधी केवळ वाद्यांवर ऐकू आलेले पाखराचे कूजन आता गायिकेच्या मुखातून शब्दांसह येते. फुग्यात आधी निरर्थक खुणा आणि मग त्याच ठिकाणी अक्षरे, एवढ्या साध्या युक्तीने कागदावर हा बदल क्षणात कळतो. त्यानंतर मीमे, म्हणजे सीगफ्रीडला लहानाचा मोठा करणारा कपटी बुटका, विषारी पेय घेऊन येतो. रक्ताच्या प्रभावाने सीगफ्रीडला त्याचे बोलणे ऐकू न येता त्याच्या पोटातले ऐकू येते; मीमे आपण लाडीगोडी करत आहोत अशा समजात असतो आणि तोंडातून मात्र ‘तुझे मुंडके उडवणार’ अशा अर्थाचे शब्द बाहेर पडतात. वाग्नरने संगीत लडिवाळच ठेवले आहे, त्यामुळे विसंगती कानाला जाणवते, पण संहिता हाताशी नसलेल्या आणि जर्मन न जाणणाऱ्या प्रेक्षकाला प्रसंगाची मेखच कळत नसे. बोललेले आणि मनातले यांसाठी चित्रकथेपाशी फुग्यांचे दोन निराळे प्रकार पहिल्यापासून आहेत. ते एकमेकांत मिसळले, लाघवी हसऱ्या चेहऱ्याला खुनाचे शब्द जोडले, की जर्मन न येणारा वाचकही हसतो आणि दचकतो.

भाषेचा हा मुद्दा वाटतो तितका लहान नाही. ऑपेऱ्याच्या नाट्यगृहात मंचाच्या वर अनुवादाच्या ओळी झळकवण्याची सोय 1983 मध्ये टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने प्रथम केली. तोवर असंख्य प्रेक्षक कथेचा गोषवारा आधी वाचून अंदाजाने ऐकत. गाण्यासाठी केलेला अनुवाद तर आणखी दुबळा असे, कारण प्रत्येक स्वराखाली एक अक्षर बसवण्याच्या सक्तीत अर्थाची ओढाताण होई. चित्रकथेचा अनुवादक या सक्तीतून सुटतो. वाग्नरची संहिता प्राचीन जर्मन काव्याच्या धर्तीवर, ओळीतील शब्दांच्या आद्याक्षरांचा अनुप्रास साधत रचलेली आहे आणि शब्दशः भाषांतरात ती हास्यास्पद वाटू लागते; स्वरांचे ओझे उतरल्यावर तिच्यातील नाट्य सरळ, बोलक्या इंग्रजीत मांडता येते. ‘अंगठी’ हे मुळात सत्ता, करार आणि घरगुती भांडणे यांवरचे उत्तम नाटक आहे हे चित्रकादंबरी वाचूनच पटावे, अशी अनेकांची गत असते.

रसेल या वाटेवर एकटा नाही. त्याच्या दशकभर आधी, 1989–90 मध्ये, रॉय टॉमस आणि ‘ग्रीन लँटर्न’मुळे प्रसिद्ध असलेला चित्रकार गिल केन यांनी डीसी या प्रकाशनसंस्थेसाठी हीच कथा चार अंकांत बसवली. केनच्या माणसांचे स्नायू महानायकांच्या चित्रकथांतून आलेले आहेत, प्रत्येक चौकटीत कोणी ना कोणी उसळी घेत असते, आणि कथेचा वेग दांडगा आहे. वोटानच्या लांबलचक आत्मसंवादांना मात्र तिथे फारशी उसंत नाही. रसेलची रेघ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आर्ट नुव्हो’ शैलीची, लवचीक आणि अलंकृत आहे, लव्हर्न किंडझिएर्स्कीचे रंग प्रसंगाची मनःस्थिती धरून बदलतात, आणि चारशेहून अधिक पानांची मोकळीक असल्याने शांतता परवडते. फ्रान्सच्या आलेक्स आलिसने 2007 ते 2011 या काळात ‘सीगफ्रीड’ नावाची तीन खंडांची मालिका काढली, तर जपानच्या लेइजी मात्सुमोतोने ‘अंगठी’ थेट अंतराळात नेऊन आपल्या कॅप्टन हारलॉक या अवकाशचाच्याच्या कथेत गुंफली. एवढे स्वातंत्र्य घेण्याला कायद्याची आडकाठी नाही, कारण मोझार्ट आणि वाग्नर दोघांच्याही कृती स्वामित्वहक्काच्या कक्षेतून केव्हाच बाहेर पडल्या आहेत.

यातील प्रत्येक पुस्तक म्हणजे खरे तर एक दिग्दर्शन आहे, आणि दिग्दर्शकाच्या जबाबदाऱ्या चित्रकाराला चुकत नाहीत. सर्वांत अवघड जबाबदारी चेहऱ्यांची. वाग्नर उघड ज्यूद्वेष्टा होता, आणि आल्बेरिख व मीमे यांच्या रेखाटनात त्याच्या काळातील ज्यूविरोधी व्यंगचित्रांची छाया आहे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ‘मायावी बासरी’तील मोनोस्टाटोस या कृष्णवर्णी पहारेकऱ्याच्या वाट्यालाही वर्णद्वेषी ओळी आलेल्या आहेत. रंगमंचावर नट निवडून, वेष बदलून, ओळी गाळून मार्ग काढता येतो आणि पुढच्या वर्षीचा प्रयोग निराळा करता येतो. चित्रकाराने मीमेचे नाक एकदा काढले की ते छापून कायम होते. सोन्याची हाव असलेल्या कुरूप बुटक्याचा चेहरा कोणत्या साच्यातून काढायचा, हा प्रश्न शैलीचा राहत नाही.

आणखी एका गोष्टीपुढे चित्रकथा हात टेकते. व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’त, जो 1851 मध्ये व्हेनिसला प्रथम झाला, चौघे जण एकाच वेळी चार निराळ्या भावना गातात, आत सरदार एका स्त्रीशी प्रेमाचे चाळे करतो, ती त्याला हसण्यावारी नेते, बाहेर त्याच्यावर भाळलेल्या गिल्डा या तरुणीचे काळीज फाटते आणि तिचा बाप सूड घेण्याचे बजावतो. हे चौघे गद्यात एकदम बोलले तर गोंगाट होईल. संगीतात सुसंवाद होतो. पानावर चार फुगे शेजारी ठेवले तरी डोळा ते एकामागून एकच वाचतो. भिंतीच्या आतले आणि बाहेरचे एकाच रुंद चौकटीत दाखवून एककालिकता सुचवता येते, पण चार मनांनी एकाच क्षणी एक नाद निर्माण करणे हे ऑपेऱ्याचे मिरासीचे वतन आहे आणि ते त्याच्याकडेच राहणार.

‘अंगठी’चा शेवट रूपांतरकाराची सर्वांत कठीण परीक्षा घेतो. ‘देवांचा अस्त’ या चौथ्या भागात ब्रुनहिल्ड सीगफ्रीडच्या चितेत उडी घेते, ऱ्हाइन काठ सोडून वर येते, ऱ्हाइनकन्या अंगठी परत घेतात आणि दूर आकाशात वालहाल्ला पेटलेला दिसतो. या प्रलयातून काय शिकायचे हे ब्रुनहिल्डच्या तोंडी घालण्याचा प्रयत्न वाग्नरने अनेकदा केला. 1852 मध्ये फॉयरबाख या तत्त्वज्ञाच्या प्रभावाखाली प्रेमाचा महिमा सांगणाऱ्या ओळी लिहिल्या, 1856 मध्ये शोपेनहॉवर वाचून झाल्यावर इच्छेच्या नाशाचा पुरस्कार करणाऱ्या ओळी लिहिल्या, आणि अखेर दोन्ही स्वरबद्ध न करता निर्वाळा वाद्यवृंदावर सोडला. जी धून दुसऱ्या भागात सीगफ्रीडची आई सीगलिंड हिने गर्भवती असताना केवळ एकदा गायली होती ती शेवटच्या मिनिटांत व्हायोलिनवर पुन्हा येते, आणि ती उद्धाराची आहे की ब्रुनहिल्डच्या गौरवाची की निव्वळ निरोपाची, याचा उलगडा कोणीही करत नाही. मंचावर या वेळी उरलेली सामान्य माणसे आग पाहत उभी असतात. पात्रीस शेरो या फ्रेंच दिग्दर्शकाने 1976 च्या शताब्दी प्रयोगात त्या जमावाला वळवून प्रेक्षकांकडे रोखून पाहायला लावले आणि वाद ओढवून घेतला. चित्रकथाकाराला हा निर्णय टाळताच येत नाही, कारण त्याच्यापाशी अर्थ मोघम ठेवणारी व्हायोलिने नाहीत. शेवटच्या पानावर माणसे काढायची की नाही, काढली तर त्यांची तोंडे कुणीकडे, आणि आगीनंतर कोरे आभाळ ठेवायचे की त्यात काही उगवताना दाखवायचे, हे ठरवूनच त्याला पेन्सिल हाती घ्यावी लागते.